पिंपराणीचं नवं गाणं

काळजी करण्यात आईचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. सारी नोकरी औषधाच्या दुकानात, गोळ्या मोजून देण्यात गेल्यामुळे काळजीसुद्धा ती नेमाने करायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर. मुलगी चाळिशीला आली, वेगळ्या घरात राहू लागली, तरी डोस काही उतरला नव्हता. मुलगी म्हणायची, "आई, तुझ्या काळजीला एक्स्पायरी डेट आहे का गं? एकदा बाटली उलटी करून बघ ना."

या वेळची काळजी मात्र वेगळी होती. ती जेवणानंतर येत नव्हती, जेवणाआधीच घशाशी येऊन बसत होती. आणि तिचं कारण कोणाला सांगावं तर हसतील असं होतं. मुलगी फोनवर नीट बोलायला लागली होती.

एरवी ती कधीच नीट बोलायची नाही. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि म्हणायची, "थांब थांब, समोरच्या इमारतीची लिफ्ट ऐक. थांबताना कशी सुस्कारा टाकते बघ." आई चिडायची, मी दुखऱ्या गुडघ्याचं सांगतेय आणि हिला लिफ्टचं पडलंय. पण गेले काही दिवस फोनवर "हो आई", "बरं आई", "ठेवते आई" एवढंच येत होतं. बँकेत चौकशी केल्यावर येतं तसं उत्तर, स्वच्छ आणि कोरडं. आणि काल तिने त्याच कोरड्या आवाजात सांगितलं होतं, "नवं गाणं मागे घेतलंय मी. जुन्यातलंच काहीतरी गाऊ कार्यक्रमात. उद्याच्या सरावाला सगळ्यांना सांगणार आहे."

"का गं? एवढं छान झालंय."

"छान नाही झालेलं. मामा उठून गेला, आई. माझ्या कानावर माझाच भरवसा राहिलेला नाही."

हे वाक्य आईच्या डोक्यातून जाईना. जिचं सगळं आयुष्य कानावर उभं, तिचा कानावरचा भरवसा उडाला म्हणजे राहिलं काय?

मुलगी गाणी रचते. एकट्याने म्हणायची नव्हेत, तर तीसचाळीस जणांनी मिळून म्हणायची. त्यात बायकांचे वरचे आवाज आणि खालचे आवाज असतात, पुरुषांचे वरचे आणि खालचे असतात, आणि प्रत्येकाला आपापली वेगळी ओळ असते. चारही एका वेळी सुरू झाल्या की त्याचं एक गाणं होतं. नातेवाइकांना हे समजावता समजावता आईच्या नाकी नऊ आले होते. एका लग्नघरात आईच्या आतेबहिणीने मुलीला समोर बसवून विचारलंच होतं, "तू गात नाहीस, वाजवत नाहीस, मग करतेस तरी काय?"

मुलगी म्हणाली, "मी भांडणं लावते मावशी. आणि शेवटच्या ओळीला मिटवते."

आतेबहीण आईकडे वळून म्हणाली, "तुझ्यावर गेलीय."

पण खरं सांगायचं तर ती आईवर गेली नव्हती, बापावरही नव्हती. बाप सरळमार्गी कारकून, त्याला अंघोळीलाही गाणं सुचत नसे. संगीत घरात आलं ते आईच्या माहेरून, आणि तेही भलत्याच रस्त्याने. आईच्या थोरल्या भावाचं, म्हणजे मुलीच्या मामाचं, पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या बनवायचं वर्कशॉप होतं. पुढे वर्कशॉप, मागे घर. सुट्टी लागली की आई मुलीला तिथे पोचवून यायची, कारण दुकानात औषधांच्या बाटल्यांमध्ये तिला सांभाळणं म्हणजे जिवाला घोर.

तिथे मुलीला नव्या, रिकाम्या टाक्या सापडल्या. झाकण काढायचं, डोकं आत घालायचं आणि ओरडायचं, एवढंच आधी होतं. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की खालच्या आवाजात सुरू करून हळूहळू आवाज वर नेला की एका ठिकाणी टाकी उत्तर देते. आधी पत्रा गप्प असतो, आणि तो एक सूर लागला की सगळी टाकी अंग झटकून घुमायला लागते. छोट्या टाकीचा सूर वेगळा, मोठीचा वेगळा. मापं तीच असली तरी दोन टाक्यांत उन्नीस-बीस असायचंच. ती एकेका टाकीत डोकं घालून तिचा सूर शोधत बसायची आणि बाहेर आली की तो गुणगुणत दुसऱ्या टाकीकडे जायची. मामाने तिचं नाव पिंपराणी ठेवलं. गिऱ्हाईक आलं, की तो पाय आपटत म्हणायचा, "पिंपराणी, ही टाकी विकली गेलीय, बाहेर या. सूर हवा असेल तर जास्तीचे पैसे पडतील."

मामी हसून म्हणायची, "विकत घेणाऱ्याला सांगा, आमच्याकडे टाकीची तपासणी होते."

मामाचा आवाज भरदार, खोलातून यायचा. तोही कधी मोठ्या टाकीच्या तोंडाशी वाकून एखादा सूर लावायचा, आणि दुसऱ्या टाकीतून पोरगी त्यात आपला मिळवायची. शिकवणं वगैरे काही नव्हतं. दोन माणसं, दोन टाक्या, आणि मध्ये घुमणारं काहीतरी तिसरंच. पुढे कितीतरी वर्षांनी मुलीने एकदा सांगितलं होतं, "आई, मला एकटा आवाज ऐकूच येत नाही. एक ऐकला की मी दुसरा शोधायला लागते."

शाळेत मात्र तिची पंचाईत झाली. आवाज जाड, एकटीला गायला सांगितलं की बावरायची. बाईंनी तिला गाण्याच्या तासाला मधल्या रांगेत, मधल्या आवाजात उभी केली. उंच आवाजाच्या मुलींना गाण्याची चाल मिळायची आणि मधल्यांच्या वाट्याला एकाच सुरावर उभं राहून "आ" करणं. मुलगी घरी येऊन म्हणायची, "मी आज सतरंजी होते." आईला वाटायचं, पोरीचा अपमान होतोय. ती बाईंना भेटायलाही निघाली होती. मुलीने अडवलं. "नको. मधून छान ऐकू येतं. वरच्यांना फक्त स्वतःचं ऐकू येतं."

मग घरात जुना कीबोर्ड आला. त्याच्या काही पट्ट्या मेलेल्या होत्या, दाबल्या तरी मुक्या. दुरुस्त करून आणू म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि तोवर पोरीला सवय लागली. मुकी पट्टी आली की तो सूर तोंडाने म्हणायचा. आई स्वयंपाकघरातून ऐकायची, अर्धं गाणं मशीन म्हणतंय, अर्धं पोरगी. पुढे संगीताच्या कॉलेजात रीतसर शिक्षण झालं, नियम कळले, कोणता सूर कोणाच्या शेजारी बसवायचा आणि कोणाला लांब ठेवायचं ते कळलं. परीक्षेत तिला गुण बरे पडायचे. पण सरांनी एकदा तिच्या कागदावर लिहिलं होतं, "चाल तळाच्या आवाजाला का दिली?" तिने खाली उत्तर लिहून कागद परत दिला, "त्यांनी काय पाप केलंय?"

सरांनी आणखी दोन गुण कापले आणि कागदावर हसल्याची खूण काढली. दोन्ही एकदमच.

आता दिवसा ती शाळेत मुलांना गाणं शिकवते आणि आठवड्यातून दोनदा पोस्ट ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचा समूह चालवते. येणारी सगळी कामधंद्याची माणसं. दातांची डॉक्टर आहे, सलूनवाला आहे, दवाखान्यातल्या नर्सा आहेत, निवृत्त ड्रायव्हर आहे. मामा तर पहिल्या दिवसापासून आहे, खालच्या पुरुषांच्या रांगेत बाजूच्या भिंतीला टेकून. सगळा समूह त्याला मामाच म्हणतो, त्याच्याहून मोठे असलेलेही.

मुलीची रचना करायची रीत आईला कधी वेडेपणाची वाटायची, कधी फार शहाणपणाची. ती कागद घेऊन बसायच्या आधी माणसं ऐकते. सलूनमध्ये जाऊन रांगेतल्या बाकावर बसते. डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात उगीच दात तपासून घेते. कोण बोलताना वाक्याच्या शेवटी वर जातो, कोण खाली बसतो, कोणाचा आवाज कुठल्या सुराला टाकीसारखा घुमतो, ते डोक्यात साठवते. मग त्याची ओळ त्या सुराभोवती बांधते. म्हणून तिच्या समूहात ओळ कोणाच्या अंगावर मोठी होत नाही की आखूड. सलूनवाला सांगायचा, "दुसरीकडे गायलो की वाटायचं भावाचा शर्ट घातलाय. ताई मापं घेऊन शिवतात."

डॉक्टरीणबाई म्हणायची, "तुझं माप घेताना तिला फार वेळ लागला नसणार. तू गप्प बसतोस कधी?"

"माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बोलू तरी शकतं डॉक्टर. तुमच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवूनही बोलता येत नाही."

हॉलमध्ये अशी चेष्टा चालायची आणि आई मागच्या बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसायची. गात नसे. पण सराव कधी चुकवत नसे, कारण कोणाला खोकला झालाय हे तिला आधी कळायचं.

नवं गाणं लिहिलं, तेव्हा मुलगी उडत होती. पहाटेआधीच्या वेळेचं गाणं. शहर अजून जागं व्हायचंय, एकेक खिडकी उजळतेय. खालचे पुरुष विचारतात, "उजाडलं का?", आणि खालच्या बायका उत्तर देतात, "अजून नाही." सगळं गाणं त्या प्रश्नोत्तरावर तोललेलं. मुलगी सांगत होती, "ती ओळ भांडी घासताना आली आई. एका दमात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जोडीने आले. एक सूर खोडावा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, मी लिहिलंच नाही, आयतं मिळालं."

मामाला ती ओळ सगळ्यांत आधी आवडली. समूहात गाणं शिकतात ते तुकड्यांत. एक दिवस फक्त खालचे पुरुष येतात, आपली ओळ घोटतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी बायका. एकमेकांच्या ओळी कोणी ऐकलेल्या नसतात. मामा आपली ओळ वर्कशॉपमध्ये, रस्त्यात, जिन्यात म्हणत होता. मामी जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात तो कामापुरतंच बोलत होता. या ओळीने त्याला परत वाचा फुटली होती. आईला म्हणाला होता, "पिंपराणीने माझ्या घशातूनच काढलीय गं ही. मला पाठ करावीच लागली नाही."

मग सगळ्यांना एकत्र बसवायचा दिवस आला. मुलगी हात वर करून उभी राहिली. वरच्या बायकांनी हलकेच सुरुवात केली, ड्रायव्हर आणि सलूनवाल्याच्या ओळी त्यात मिसळल्या, आणि मग मामाच्या रांगेने विचारलं, "उजाडलं का?" तीन पायऱ्या उतरून शेवटच्या सुरावर लांब थांबणारा तो प्रश्न. हॉलच्या भिंती घुमल्या.

आणि मागच्या बाजूने खालच्या बायकांनी उत्तर दिलं, "अजून नाही." वर उडणारं, आखूड, जवळजवळ हसणारं.

मामा पुढचा प्रश्न म्हणालाच नाही. त्याने मान वळवून मागे पाहिलं, बायकांच्या रांगेकडे, कोणाला तरी शोधावं तसं. मग फाइल मिटली, खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून गेला. बाकीचे दोन ओळी पुढे गेले आणि एकेक करून थांबले.

"मामा?" मुलगी जिन्यापर्यंत धावली. खाली रस्त्यावर तो पाठमोरा चालला होता.

"बाथरूमला गेले असतील," सलूनवाला म्हणाला.

"फाइल ठेवून?" डॉक्टरीणबाई म्हणाली. त्यावर कोणी हसलं नाही.

त्यानंतर मामा सरावाला आला नाही. मुलीने फोन केले. तो म्हणायचा, घसा बसलाय. तिने गाणं काढून पाहिलं, सूर तपासले, कुठे चुकलं ते शोधलं. सापडेना. तिच्या लेखी हिशोब सरळ होता. मामा म्हणजे तिचा पहिला श्रोता. तिच्या टाकीला पहिलं उत्तर ज्याने दिलं तो. बरं गाणं आणि वाईट गाणं त्याला शब्द न वापरता कळायचं. तो मध्येच उठून गेला म्हणजे गाण्यात खोट आहे, आणि ती तिला ऐकू येत नाही. आणि तिला ऐकू येत नसेल, तर तिने हे काम करू नये.

मुलीचा तो फोन आला त्याच संध्याकाळी आई डबा घेऊन भावाकडे गेली ती या चिंतेत. तो वर्कशॉपमध्ये एका टाकीच्या सांध्याला पॅच मारत होता.

"घसा बसलाय म्हणे," आई म्हणाली.

"बसलाय."

"दाखव."

"तू डॉक्टर नाहीस, औषधवाली आहेस."

"निम्मी डॉक्टर आहे."

"मग निम्माच दाखवतो." त्याने तोंड अर्धं उघडून मिटलं आणि परत कामाला लागला. आवाज तर ठणठणीत होता.

"दादा, पोरगी गाणं मागे घेतेय."

त्याचा हातोडा थांबला. "कशाला?"

"तू उठून गेलास म्हणून. तिला वाटतंय गाणं वाईट आहे."

"गाणं वाईट आहे असं मी म्हटलंय?"

"काहीच म्हटलं नाहीस. तेच तर."

"मग तिला सांग, वाईट नाहीये. माझ्या जागी दुसरा रेडा बघ म्हणावं. गावात रेड्यांना तोटा नाही."

"तू स्वतः सांग ना."

"मला काम आहे," मामा म्हणाला आणि टाकीवर असा ठोकायला लागला, की पुढे बोलणंच नको.

आई डबा ठेवायला मागच्या घरात गेली. स्वयंपाकघर आवरलेलं होतं, फार आवरलेलं, एकाच माणसाचं ताट पालथं घालून ठेवलेलं. ती डबा फ्रिजमध्ये ठेवत होती तेवढ्यात मामा हात धुवायला मागच्या दाराने आला. त्याला वाटलं असावं, बहीण पुढून निघून गेली. तो पायरीवर थांबला, पाय पुसले. आईला स्वयंपाकघराच्या दारातून तो दिसत होता. पाय पुसून त्याने मान वर केली आणि श्वास घेतला. छाती भरून, खांदे न उचलता, जसा समूहात ओळ सुरू करायच्या आधी घेतात तसा. तोंड उघडलं. आणि मग तो श्वास त्याने काही न बोलता सोडून दिला.

फ्रिजच्या दारावर आईचा हात तसाच राहिला.

तिला आठवलं. हा माणूस लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी त्या पायरीवर पाय पुसून घरात हाक टाकायचा. नाव घ्यायचा नाही. म्हणायचा, "आहेस का?" शेवटचा "का" खाली उतरून लांब. आणि स्वयंपाकघरातून मामी म्हणायची, "नाहीये!" वर उडवून, आखूड. रोज. पाहुणे असोत नसोत, ताप असो नसो. आईने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते ऐकू येणंच बंद झालं होतं. "नाहीये" म्हणून झालं की मामी चहा ठेवायची. पाहुण्यांना वाटे, भांडलेत. ते भांडण नव्हतं. ते नुसतं दिवसाचं काम संपल्याचं कळवणं होतं.

आणि सुट्टीत त्या घरात, टाकीतून डोकं बाहेर काढून दमलेली एक पोर त्या वेळी तिथेच कुठेतरी जमिनीवर बसलेली असायची.

"तू अजून इथेच?" मामा म्हणाला. त्याला ती आत्ता दिसली होती.

"डबा ठेवत होते. वरच्या कप्प्यात आहे. गरम करून घे."

"घेईन."

दोघंही तेवढंच बोलले. या बहीणभावांचं बोलणं रक्तदाब, गळके नळ आणि डब्यांपर्यंत चालायचं. मामी गेली तेव्हासुद्धा आईने त्याला विचारलं होतं ते एवढंच, की गॅस बंद केलास का. त्यापलीकडची दारं दोघांनीही कधी उघडली नव्हती, आणि उघडली नाहीत म्हणून काही अडलंही नव्हतं.

घरी येताना आईचं डोकं भराभर चाललं होतं. गाण्यात खोट नव्हती. पोरीच्या कानात तर मुळीच नव्हती. उलट तो कान इतका पक्का होता, की लहानपणी जमिनीवर बसून ऐकलेलं त्याने सुरासकट जपून ठेवलं होतं आणि भांडी घासताना तिच्या हातात दिलं होतं. ती म्हणाली होती आयतं मिळालं, ते अक्षरशः खरं होतं. मामाला प्रश्न म्हणताना काही जाणवलं नाही, कारण तो प्रश्न त्याच्या जन्मभराच्या सरावाचा होता. वर्षभर तो पायरीवर गिळलेला प्रश्न त्याला चारचौघांत, दुसऱ्या शब्दांत, मोठ्याने विचारायला मिळत होता. त्याला तर बरंच वाटत होतं. पण त्या दिवशी मागून उत्तर आलं. त्याच सुरात, त्याच उडवून लावणाऱ्या हसऱ्या आवाजात. जे उत्तर आता कधीच येणार नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, ते दहा बायकांनी मिळून दिलं.

माणूस उठून जाणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकल्यावर आई फोनपाशी येऊन बसली. संध्याकाळी सराव होता. मुलगी जुन्या गाण्याचे कागद वाटणार होती. एकदा वाटले की झालं. ही पोरगी गाणं मागे घेऊन गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पुढचं लिहायला बसेल आणि प्रत्येक ओळीवर संशय घेईल, हे आई ओळखून होती. औषधाच्या दुकानात तिने बघितलं होतं, एकदा चुकीचा डोस दिलाय अशी शंका आली, की चांगल्या फार्मासिस्टचाही हात बाटलीवर थरथरतो. खरंच चूक झालीय की नाही, याने काही फरक पडत नाही.

तिने मुलीचा नंबर काढला. काय सांगायचं ते तयार होतं. अगं, तुझं काही चुकलेलं नाही, ती मामाची हाक आहे आणि ते मामीचं उत्तर. एवढं सांगितलं की पोरीचा जीव भांड्यात पडेल. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच थांबलं.

पोरीचा जीव भांड्यात पडेल, पण किती वेळ? मग ती विचार करेल. मी मामाच्या घरातली सगळ्यांत खाजगी गोष्ट उचलली, तीसचाळीस माणसांच्या तोंडी दिली आणि त्यालाच समोर बसवून म्हणायला लावली. ती ओळ त्याच क्षणी खोडून टाकेल. ओळ खोडली की गाण्याचा कणाच जाईल. मामाला मात्र कोणी विचारलेलंच नसेल. त्याच्याबद्दल सगळं ठरेल, आणि तो टाकीवर ठोकत बसलेला असेल.

आणि विचारायचं कसं? "दादा, वहिनीची आठवण येते का" असं या भावाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो म्हणेल, कामात आहे. किंवा रागावेल. किंवा, ही आईची खरी भीती होती, तो रडेल. तो फोनवर रडला तर आपण इकडे काय करायचं, हे तिला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. तिने आजवर मुलीसाठी शाळेच्या बाईंपासून घरमालकापर्यंत सगळ्यांशी तोंड वाजवलं होतं, पण ते सोपं होतं. ती माणसं परकी होती.

पण ती हाक त्याची होती. तिचं काय करायचं, हे पोरीनेही ठरवायचं नव्हतं आणि आईने तर नव्हतंच. कदाचित तो म्हणेल, काढून टाक. तर पोरगी काढेल, पण निदान कशासाठी काढतेय ते तिला कळेल आणि कानावरचा डाग जाईल. कदाचित तो म्हणेल, राहू दे, मी मात्र येणार नाही. आणि कदाचित, हे "कदाचित" आईने स्वतःला जरा घाबरत घाबरतच म्हणू दिलं, त्याला ते उत्तर पुन्हा ऐकावंसंही वाटत असेल. एकट्याने पायरीवर उभं राहून नव्हे. आजूबाजूला माणसं असताना, भिंतीला टेकून.

तिने मुलीचा नंबर घालवला. घसा कसा आहे असं विचारायचं नाही, डबा खाल्लास का असंही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. पहिलंच वाक्य हे असायला हवं, की दादा, ती ओळ कुठून आली ते मला काल कळलं, पोरीला अजून माहीत नाही, तिला कोणी आणि काय सांगायचं ते तू सांग. वाक्य लांब होतं. मध्ये श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा तिने एकदा पुटपुटून बघितलं.

मग चष्मा लावून तिने वर्कशॉपचा नंबर फिरवला.